उजव्या बाजूची खुर्ची

सत्याप्पा रिटायर झाला तेव्हा त्याच्या गळ्यात हार पडला नाही, आणि ही गोष्ट त्याला जेवढी लागली तेवढी दुसरी कुठलीच लागली नाही. हाराचं काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. हुबळीच्या रेल्वेवाल्यांत विचारून बघा. ज्यानं जन्मभर इंजिन चालवलं, त्याच्या शेवटच्या गाडीला फलाटावर माणसं जमतात, हलगी वाजते, पेढे वाटतात. आणि इतकी वर्षं वेळी-अवेळी डबा बांधून दारात उभी राहिलेली त्याची बायको असते ना, तिला हात धरून इंजिनात चढवतात, नवऱ्याशेजारी बसवतात आणि फोटो काढतात. खरा मान तो.

लग्न झालं तेव्हा सत्याप्पा असिस्टंट ड्रायव्हर होता. नागुबाई तेव्हापासून विचारायची, "आतनं कसं दिसतंय वो?" परवानगीशिवाय बाहेरच्या माणसाला इंजिनात पाय ठेवता येत नाही, आणि सत्याप्पा म्हणजे नियमाला घोरपडीसारखा चिकटणारा माणूस. बायकोसाठीसुद्धा त्यानं नियम वाकवला नाही. "शेवटच्या गाडीला चढवतो तुला," म्हणायचा. "माझ्या उजव्या बाजूला, असिस्टंटच्या खुर्चीवर बसवतो." नागुबाईनं त्या दिवसासाठी एक इरकल साडी घेऊन ठेवली होती. आणि नेमकी त्याच वर्षी कोरोनाची टाळेबंदी आली. सत्याप्पाची शेवटची गाडी कोळशाची मालगाडी होती. ती त्यानं यार्डात उभी केली, सही केली, तोंडाला फडकं बांधलेल्या एका कारकुनानं लांबूनच हात जोडले, आणि सत्याप्पा पिशवी खांद्याला लावून गदग रोडमागच्या आपल्या गल्लीत चालत आला. झाली रिटायरमेंट.

पुढं तो ज्या घाटात गाड्या चालवायचा तिथल्या रुळांवर विजेच्या तारा आल्या, डिझेलची इंजिनं गेली, ओळखीची माणसं पांगली. साहेबाला सांगून एकदा तिला उभ्या इंजिनात चढवून आणता आलंही असतं, पण उभं इंजिन म्हणजे काय, पत्र्याची खोलीच की. नागुबाईनं ती इरकल भाचीच्या लग्नात नेसून टाकली आणि आपल्यापुरता विषय मिटवला. सत्याप्पाचा मिटला नाही. शब्द दिला होता आणि तो खाली पडला होता, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं.

त्यांची मुलगी आरुषी बेळगावात मास्तरीण आहे. ती शिकत होती तेव्हाचा तिचा कॉम्प्युटर घरीच राहिला होता, कंपनीतूनच जोडून आलेला, स्वस्तातला, अंगानं सडपातळ डबा. एका सुट्टीत तिनं त्यावर अप्पाला रेल्वे चालवायचा खेळ घालून दिला. सत्याप्पानं आधी नाक मुरडलं. "चित्रातल्या म्हशीचं दूध काढायचा प्रकार हाय हा," म्हणाला. पोरगी बेळगावला पोचली नसेल तोवर हा माणूस परमुलखातल्या कुठल्या तरी बर्फाळ गावातून पॅसेंजर काढून बसला होता.

गाडी चालवायचा मात्र खऱ्यासारखी. इंजिनातली रीतच अशी, की सिग्नल दोघांनी बघायचा आणि मोठ्यानं म्हणायचा. एकानं म्हटलं की दुसऱ्यानं तेच परत म्हणायचं, म्हणजे एकाची नजर चुकली तर दुसऱ्याला कळावी. म्हणून स्टेशनाच्या बऱ्याच आधी उभ्या असलेल्या सिग्नलला दोन पिवळे दिवे दिसले, की सत्याप्पा पडद्यासमोर हात वर करून म्हणणार, "डिस्टंट, डबल येलो," आणि सवयीनं थोडा थांबणार. उत्तर कोण देणार? स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज यायचा तेवढाच.

मग एकदा त्याला कळलं, की कुणा हौशी पोरानं त्या खेळासाठी आपला घाट बनवलाय. कॅसलरॉकवरून खाली गोव्यातल्या कुळ्यापर्यंत, सगळे बोगदे, सगळी वळणं, दूधसागरचा पूलसुद्धा. सत्याप्पानं त्याचा व्हिडिओ बघितला आणि परत पहिल्यापासून लावला. याच घाटात त्याची उमर गेली होती. त्या दिवशी त्यानं मनात ठरवलं, की नागूला शेजारी बसवून हा घाट उतरायचा. पडद्यावर तर पडद्यावर. तिला काही सांगितलं नाही. आधी गाडी नीट चालू दे, मग सांगू, असा विचार.

आणि गाडीच चालेना. कॅसलरॉकमध्ये झाडं एकेक करून उगवायची, इंजिन उचक्या देत निघायचं, आणि पहिल्या मोठ्या बोगद्यात शिरलं की सगळं थंड. गाडी आत जायची ती बाहेरच यायची नाही. सत्याप्पा हात जोडून बसायचा, माऊस आपटायचा, शेवटी बटण दाबून मशीन बंद करायचा. आठवडाभर त्यानं रोज एक मालगाडी त्या बोगद्यात गाडली.

जुन्या हुबळीत उमेशचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. सत्याप्पा डबा बगलेत मारून तिथं गेला. उमेशनं मशीन लावून बघितलं आणि मान हलवली. "होसाद तगोरी, अंकल. नवंच घ्या. याची मेमरी कमी, डिस्क जुनी, चित्र काढायला वेगळं कार्ड नाही. असला खेळ याला झेपत नाही."

"घाट झेपत न्हाई म्हणून आम्ही इंजिन भंगारात घालत नव्हतो," सत्याप्पा म्हणाला. "मागं आणखी इंजिनं लावायचो ढकलायला. तू याला काय लावतोस ते सांग."

उमेश हसला. आता हे गिऱ्हाईक हलणार नाही हे त्याला कळलं. त्यानं जुन्या पट्टीच्या शेजारी बसेल अशी मेमरीची नवी पट्टी काढली. फिरत्या डिस्कच्या जागी चपटी, जलद डिस्क काढली आणि जुन्यातलं सगळं तिच्यात उतरवून दिलं. कार्डाला मात्र तो अडला. डबा सडपातळ, त्यात मोठं कार्ड मावत नाही, आणि आतला वीज देणारा डबाही अशक्त, मोठ्या कार्डाला पुरत नाही. शेवटी वेगळी वायर न लागणारं एक बुटकं कार्ड मिळालं. "सोडून जा, चार दिवसांत लावून देतो," उमेश म्हणाला.

"मीच लावतो," सत्याप्पा म्हणाला. चार दिवस थांबायची त्याची तयारी नव्हती, आणि इंजिनवाल्याचा ताठाही होताच थोडा.

रविवारी सकाळी उप्पीट खाऊन झाल्यावर त्यानं हॉलमध्ये, बाबासाहेबांच्या फोटोखाली चटई पसरली आणि डबा आडवा घातला. स्क्रू एका वाटीत ठेवले. आत एवढी धूळ, की नागुबाईनं बघून कपाळाला हात लावला आणि स्वतःच पावडरचा जुना ब्रश आणून दिला. उमेशनं बजावलं होतं, की हात लावण्याआधी लोखंडाला शिवा, अंगातली वीज जाऊ द्या. म्हणून सत्याप्पा दर वेळी उठून खिडकीचा गज धरून येत होता. "देवदर्शनाला निघालाय काय सारखं सारखं?" नागुबाई म्हणाली.  डिस्क बसली. कार्डाच्या मागची पत्र्याची लांब पट्टी काढून डब्यात मावेल अशी आखूड लावली, कार्डही बसलं. मेमरीची पट्टी त्यानं दोन बोटांत अलगद धरली, खाचेत टेकवली, जरा दाबली आणि सोडली. बटण दाबलं.

पंखा फिरला. मशीननं तीनदा टीं टीं केलं. पडदा काळा.

रेल्वेचा माणूस बिघाड शोधायला घाबरत नाही. त्यानं कार्ड काढून बघितलं, टीं टीं तसंच. नवी मेमरी काढली, तर मशीन मुकाट्यानं चालू झालं. पुन्हा घातली की पुन्हा कोकलायला लागलं. दुपार होत आली. सत्याप्पाच्या कपाळावर घाम आला होता आणि वाटीतला एक स्क्रू कुठं गेला होता देव जाणे.

"ही पट्टीच खराब हाय," तो म्हणाला आणि भिंतीला टेकून बसला.  नागुबाई ताट वाढायचं का म्हणून विचारायला आली, तर याचा चेहरा बघून तिथंच थांबली. एवढ्या खेळण्यासाठी माणूस असा होत नाही.

"काय झालंय?"

"काय न्हाई."

"सांगा की."

"तुला बसवायचं होतं," सत्याप्पा म्हणाला. "घाटात. इंजिनात चढवतो म्हणालो होतो, ते काय झालं न्हाई माझ्याच्यानं. म्हटलं निदान यात तरी. ते बी जमना झालंय." बोलता बोलता त्याचा आवाज फुटला आणि त्याला स्वतःचाच राग आला.

नागुबाई जवळ आली. पदराला हात पुसले, चटईवर बसली आणि त्या उघड्या डब्याकडे बघत राहिली.

"गाडीला डबा जोडल्यावर तुम्हाला कसं कळायचं, नीट जोडला का न्हाई?"

"आवाज येतोय. कट् करून. मग ओढून बघायचं."

"मग याचा आला का आवाज?"

सत्याप्पानं तिच्याकडे बघितलं. आवाज? आवाज तर आला नव्हता. मोडेल म्हणून त्यानं ती पट्टी नुसती टेकवली होती.

"कासार नव्या नवरीला बांगड्या भरतोय तसं चाललं होतं तुमचं," नागुबाई म्हणाली. "मी धरते डबा. दाबा."

तिनं दोन्ही हातांनी डबा गच्च धरला. सत्याप्पानं खिडकीचा गज शिवून आल्यावर पट्टी खाचेत घातली, दोन अंगठे दोन टोकांना ठेवले आणि दाबलं. काही नाही. आणखी दाबलं. कट्. मग दुसऱ्या टोकाला, कट्. हजारो डबे जोडल्याचा आवाज ऐकलेला माणूस, आणि ही एवढीशी गोष्ट बायकोनं सांगावी लागली. पण त्याला त्या वेळी लाज वाटली नाही, नुसता आनंद झाला. बटण दाबलं तर टीं टीं नाही. पडदा उजळला, आणि एरवी चहा होईपर्यंत उघडत नव्हतं ते मशीन बघता बघता उघडलं.

जेवणं झाली. सत्याप्पानं स्वयंपाकघरातली खुर्ची आणून आपल्या उजव्या बाजूला ठेवली आणि म्हणाला, "बस." नागुबाई ऐसपैस बसली. पडद्यावर कॅसलरॉकचा फलाट, सकाळचं धुकं, मागं लांबलचक मालगाडी. झाडं सगळी जागच्या जागी होती. सत्याप्पानं फलाटाच्या टोकाच्या सिग्नलकडे हात वर केला.

"स्टार्टर, ग्रीन."

गाडी निघाली. नागुबाई डोळे मोठे करून बघत होती. पहिला मोठा बोगदा आला तसा सत्याप्पाचा श्वास अडकला. आत अंधार. अंधार. मग पुढं उजेडाचा ठिपका दिसला, मोठा झाला, आणि गाडी बाहेर आली, एका हाताला दरी उघडी पडली. त्यानं श्वास सोडला आणि मग त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. इथं ब्रेक कसा हलक्या हातानं धरायचा, तिथं एकदा रुळावर गवा कसा उभा होता, पुढं करंजोळ स्टेशनात गाडी पुरती थांबवून दाखवल्याशिवाय खाली का सोडत नाहीत. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं सांगण्यात तो असा रंगला, की समोर बघायचं राहिलं.

"डिस्टंट, डबल येलो," नागुबाई म्हणाली.

तिचा हात सरळ वर होता, धुक्यातल्या सिग्नलकडे.

"डबल येलो," सत्याप्पा सवयीनं म्हणाला. आणि मग वळून तिच्याकडे बघायला लागला. आयुष्यात एबीसीडी न शिकलेली ही बाई. "तुला कुणी शिकवलं हे?"

"तुम्हीच की. झोपेत." नागुबाईची नजर पडद्यावरून हलली नव्हती. "ड्यूटीवरनं येऊन पडला की रोजचं होतं. डिस्टंट डबल येलो म्हणायचं आणि थांबायचं. कुणी काय बोललं न्हाई की परत तेच, परत तेच, नुसती तळमळ. मग मी म्हणायची, डबल येलो. की लगेच घोरायला लागायचात." ती जराशी हसली. "इंजिनात बसवायचं राहिलं म्हणून जीव खाताय. किती येळा गोव्याला जाऊन आले मी तुमच्यासंगं."

 सत्याप्पाचे डोळे भरून आले आणि पडदा धूसर दिसायला लागला. इतकी वर्षं ही शेजारी जागी राहून आपल्याला उत्तर देत होती आणि आपल्याला पत्ता नव्हता. उतारावर गाडीनं वेग घेतला होता आणि करंजोळच्या तोंडाचा सिग्नल समोर आला होता.

"होम, येलो," नागुबाई म्हणाली. मग जरा थांबून, "अवो, येलो म्हनलं न्हवं? ब्रेक धरा की."

"येलो," सत्याप्पा म्हणाला, बाहीनं डोळे पुसले आणि ब्रेक धरला. करंजोळला गाडी जिथं थांबायची तिथं बरोबर थांबली.