बाटलीतल्या पेशी आणि पांझरेचा घाट

अक्का गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी धुळ्याहून जळगावला निघालो. सुतकात घर सोडू नये, त्यात मोठ्या बहिणीला अग्नी मीच दिलेला. पण प्रयोगशाळेत पेशी होत्या. त्यांच्या बाटलीतलं पोषणद्रव्य वेळेवर बदललं नाही तर त्या मरतात.

मेंदूतल्या तंतूंवर चरबीचं वेष्टण चढवणाऱ्या पेशींची ती जात. अक्काच्या डोक्यातलं हे वेष्टणच विरत गेलं. आधी हात गेला, मग चालणं, मग बोलणं. माझ्या पेशी मात्र मुळात उंदराच्या मेंदूतल्या, कितीतरी वर्षं या बाटलीतून त्या बाटलीत वाढवत आणलेल्या. त्यांच्या अंगावरच्या रिसेप्टरला, म्हणजे रसायन धरून ठेवणाऱ्या जागेला, एखादं रसायन चिकटतं का, एवढंच मी बघतो.

कसं विचारावं म्हणून ओसरीवर घुटमळत होतो. आई म्हणाली, "जाय भाऊ. अक्कान्या पेशी उपाशी राहतीन."

मागे कधीतरी अक्काच्या दवाखान्यात मी आईला मोबाइलवर त्या पेशींचा फोटो दाखवला होता. त्या अक्काच्याच, एवढं तिने त्यातून धरून ठेवलं होतं. मला तेव्हाच कळलं, आणि मी गप्प राहिलो. तिच्या त्या समजुतीमुळे माझी वाट मोकळी होत होती.

दहाव्याला मी परत आलो. पांझरेच्या घाटावर पिंड मांडले. कावळे समोरच्या बाभळीवर बसले होते, एकही खाली येईना. काय राहिलं असेल तिचं, म्हणून जो तो काही कबूल करू लागला. आई पुढे झाली. माझा दंड धरून म्हणाली, "तिना जीव तुन्या बाटलीमा अडकेल शे. सोडी दे तिले."

माझ्या मनात आधी प्रयोग आला. इतक्या आठवड्यांचं काम, ते ओतून द्यायचं? आणि मग घाईघाईने, सगळ्यांसमोर, मी सांगून टाकलं, "आई, त्या अक्कान्या नही शेतस. उंदीरन्या शेतस."

मामा हसले. "घ्या! शिकेल मानूस! घरनं मरन सोडीसन उंदरे पाळाले गया."

आई हसली नाही. "मंग तिसरा दिनले तू कोनासाठे गयथा?"

गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि माणसं उठली. आई पाण्याकडे तोंड करून बसून राहिली. मुलीचं काहीतरी अजून जिवंत आहे, या आधारावर तिने ते दिवस काढले होते. आधी मी त्याचा उपयोग करून घेतला, मग स्वतःचं काम वाचवायला तो काढून घेतला.

गंधमुक्ती झाली तरी मी निघायचं नाव काढत नव्हतो. शेवटी आईच म्हणाली, "त्या जित्या शेतस ना? मंग जाय."

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. तिने साधेपणानेच सांगितलं. दारात वाकून मी चपलेचा पट्टा लावत राहिलो, तो केव्हाच लागला होता.