पिंपात सोडलेला पाइप

आमच्या सासूबाईंना सगळं घर अक्का म्हणे. एका सकाळी त्यांचं उजवं अंग गेलं आणि पिंप्राळ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत चादरींचं राज्य सुरू झालं. दिवसाला सहा, कधी सात. डॉक्टरांनी त्यांना कुशीवर वळवून पाठीचा लाल झालेला भाग दाखवला. म्हणाले, "खाली कायम कोरडं हवं. जखम झाली तर या वयात भरणार नाही."

मी तशी घाबरले नाही. आमच्याकडे वॉशिंग मशिन होतं, गल्लीतलं पहिलंच. दोन टबांचं, एकात धुवायचं आणि दुसऱ्यात पिळायचं. ह्यांनी ते आणलं तेव्हा शेजारणी हळदीकुंकवाला याव्यात तशा बघायला आल्या होत्या. पिळणारा टब फिरला की चादर निम्मी वाळूनच हातात येई. वर्षभर कसली तक्रार नव्हती.

आणि नेमकं आता त्याने दगा दिला. धुण्याच्या टबातलं पाणी सोडलं की अर्ध्यावर येऊन थांबायचं. ते मी तांब्याने उपसायची. पिळणारा टब घुं घुं करत दोन-चार गिरक्या घ्यायचा आणि थकायचा. चादर निथळतच बाहेर यायची. बाहेर भाद्रपदाची झड लागलेली. घरभर दोऱ्या बांधल्या, पंखा लावला, इस्त्री फिरवली. तरी चादरी दमटच.

मी काय काय नाही केलं! कपडे कमी घातले, टबात सारखे पसरले. झाकण नीट बसतंय की नाही ते दहादा पाहिलं. जाळीतला धाग्यांचा गोळा काढला. ह्यांनी मागचा पत्रा उघडून पट्टा तपासला आणि शेवटी "लाइटच कमी येते" म्हणून हात झटकले.

अक्कांची जीभ जड झाली होती. दोन-तीनच शब्द स्वच्छ यायचे, तेही त्यांच्या बोलीतले.

"ओलं शे."

मी चादरीवर हात फिरवून म्हणायची, "कोरडं आहे अक्का, आत्ताच तर बदलली."

"बठ्ठं ओलं शे."

"सगळं कुठलं ओलं? कोरडं आहे म्हणते ना!"

माझे हात पहाटेपासून पाण्यात. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतलेली. त्या बोटांना ओलंकोरडं काय कळणार होतं? हे मला आज सुचतं. तेव्हा मला त्यांचा राग यायचा. एकदा तर मी खेकसले, "दुसरं काही बोलता येत नाही का?" त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. वळवता येत होती ती तेवढी मानच. या वाक्याची लाज मला अजून वाटते.

शेवटी गावातून एक म्हातारे मुसलमान मिस्त्री आले. कूलर, मिक्सर, मशिन सगळं दुरुस्त करायचे. त्यांनी अवजारांची पिशवी उघडलीसुद्धा नाही. मशिनभोवती एक फेरी मारली आणि मागच्या पाइपाकडे बघत उभे राहिले.

"भाभी, हा वर कोणी टांगला?"

मीच टांगला होता. आमच्याकडे नळाला तिसऱ्या दिवशी पाणी. धुण्याचं पाणी मोरीत सोडून द्यायचं म्हणजे पापच. ते संडासाला, फरशीला लागतं. आजारपणात इतकं पाणी वाहून जाताना बघवेना, म्हणून पाइप उचलून पिंपाच्या काठावर अडकवला. पाणी ढकलायला आत काहीतरी असेलच, असा माझा समज.

"याच्यात पंप नाही. पाणी आपोआप उतरतं, वर चढत नाही. ते मागे साचतं आणि पिळायचा टब त्याच पाण्यात फसतो." त्यांनी पाइप काढून मोरीत टाकला. भडाभडा पाणी गेलं. मग पिळणारा टब असा फिरला की खिडकीची तावदानं वाजली. मशिन बिघडलेलं नव्हतंच. पिंप मात्र काठोकाठ भरलेलं होतं.

दुपारी मी ती चादर अक्कांखाली घातली. हात पुसून, गालाला लावून पाहिली होती. खडखडीत कोरडी. अक्कांनी डावा हात बराच वेळ तिच्यावर फिरवला. मी वाट बघत होते.

"ओलं शे," त्या म्हणाल्या.

"कोरडं आहे" माझ्या ओठांवर आलंच होतं. पण त्या दिवशी मी त्यांना पुन्हा कुशीवर वळवलं आणि पाठ नीट पाहिली. पाठीवरचा तो लाल भाग फुटला होता. चादरीवर तळहाताएवढा डाग पडला होता, आणि तो ओला होता.