मामाची बैलं आणि आईचा पगार

वडील आम्हाला टाकून गेल्यावर मामानंच आम्हाला शिरूर कासारजवळच्या त्याच्या गावी आणलं. मी नववीत असताना दुष्काळ पडला आणि गावच्या सहकारी सोसायटीनं सरकारी अनुदानावर चारा छावणी काढली. मामाची बैलं तिथंच बांधलेली असायची. दुपारी आई त्याला भाकरी घेऊन जायची, तिच्यामागं मीही.

मामा एका जुन्या वळणाच्या पक्षाचं काम करायचा. एकदा आम्ही पोचलो तेव्हा तो छावणीतल्या माणसांना सांगत होता, "सरकार निराधारचा पगार देतंय, म्हणून बाया नांदत न्हाईत. संसार मोडायलेत त्यानं."

निराधार बायांना महिन्याला मिळणारा तो सरकारी पगार आईला नुकताच सुरू झाला होता. सगळ्यांनी आमच्याकडं पाहिलं. माझी मान खाली गेली.

आईनं भाकरीचं फडकं त्याच्यापुढं ठेवलं. "दादा, तुझी बैलं कुणाचा चारा खायलीत?"

माणसं खो खो हसली. मामाचा चेहरा उतरला. ज्यानं मला खांद्यावर बसवून शाळेत नेलं, त्याला लोक हसत होते, आणि ते आमच्यामुळं. मला तिथं उभं राहवेना.

पुढच्या आठवड्यात पगाराच्या कामासाठी आईला तहसीलला जायचं होतं. मामा न बोलावता आमच्यासोबत निघाला. वाटेत म्हणाला, "माझं म्हणणं तेच हाय, बाई."

"असू दे की," आई म्हणाली.

दिवसभर तो तिच्यासाठी रांगेत उभा राहिला. मला मात्र त्याच्या नजरेला नजर देता आली नाही.