डोंगरातला कोरडा आठवडा

मैमुनाला ट्रेलरवाले तोंडावर ‘बाजी’, म्हणजे ताई, म्हणत आणि पाठीमागे ‘मौसमवाली’. कतारमधल्या मेसईदच्या एका मालवाहतूक कंपनीत ती क्लार्क होती. नेमणूक गेटपास बनवायची, पण दर रविवारी सकाळी आठवड्याचा हवामान अंदाज ड्रायव्हरांच्या ग्रुपवर आपल्या आवाजात पाठवायचा, हे काम कुणी न सांगता तिने स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. इंग्रजी पत्रक वाचायचा ड्रायव्हरांना कंटाळा, आणि दुसऱ्याने केलेला कंटाळा मैमुनाला खपत नसे. आधी किनारा, मग वाळवंट, शेवटी डोंगर. कतारमध्ये डोंगर औषधालाही नाही. पण कंपनीचा माल सौदीच्या वाळूतून, अमिराती ओलांडून, ओमानच्या डोंगरांपलीकडे जायचा. हिंदी बोलताना तिचं श्रीवर्धन काही लपत नसे. “पहाड में पानी दिखा तो गाडी उधरीच रोकने का, शाणपणा नहीं करने का!” असं ती दरडावायची, आणि पंजाबी, पठाण, बिहारी, सगळे निमूट ऐकायचे.

सगळे म्हणजे तिचा नवरा सोडून. जहूर त्याच कंपनीत ट्रेलर चालवायचा. फरीज बिन ओमरान वस्तीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत, तिच्या समोर बसून, तो तिचा संदेश मुद्दाम मोठ्या आवाजात लावायचा आणि तिच्याच सुरात नक्कल करायचा. हनिया, त्यांची मुलगी, हसून हसून बेजार व्हायची. मैमुना चिडायची. मनातून तिला ते आवडायचं, हे घरात तिघांनाही ठाऊक होतं.

त्या आठवड्यात डोंगरात गुरुवारी पाऊस सांगितला होता. शुक्रवारी घरी जेवायचं म्हणून जहूर घाईने निघाला. “गुरवारच्या आत मी डोंगर उतरतंय गो. तुझा पाऊस येऊ दे माझ्या मागना,” असं म्हणून गेला. पाऊस बुधवारीच आला. अंदाज तो अंदाज, त्याला काय जाब विचारणार? एरवी वर्षभर कोरडी पडलेली नदी, जिला तिकडे वादी म्हणतात, डोंगरावरून लोंढा घेऊन उतरली आणि रस्त्यावरचा ट्रेलर ओढून घेऊन गेली. नंतर केबिन सापडली. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं.

मैमुना त्या उघड्या दारावर जगू लागली. दार उघडं म्हणजे तो बाहेर पडला. पोहायला तो श्रीवर्धनच्या समुद्रात शिकला होता. कुठल्यातरी गावात पडला असेल, डोक्याला मार लागून नाव आठवत नसेल. असं होतं म्हणे. जहूरचा धाकटा भाऊ रेहान खतांच्या कारखान्यात फिटर होता. तो रजा टाकून ओमानला गेला आणि शोधणाऱ्यांच्या बरोबर राहिला. पण पाऊस आला की शोध थांबायचा. पुढच्या रविवारी पत्रक येताच मैमुनाने सगळं सोडून आधी डोंगर पाहिला. पाऊस. त्यानंतरच्या रविवारीही पाऊस. जन्मभर पावसाला नावं न ठेवलेली ती कोकणची बाई आभाळाला शिव्या देत होती आणि नमाजानंतर हात पसरून उन्हाची भीक मागत होती. ग्रुपवरचा आवाज मात्र तिने जराही हलू दिला नाही.

ती ऑफिसला जाते, हेच लोकांना खुपत होतं. नवरा गेल्यावर बाईने इद्दतीत बसायचं, म्हणजे चार महिने दहा दिवस उंबरा ओलांडायचा नाही, नटायचं नाही. शेजारची मुनीरा मायेची बाई, बिर्याणीचं पातेलं घेऊन आली आणि चाचरत म्हणाली, “मैमुना, गावाकडना तुझ्या सासूचा फोन होता. ती म्हणते, सून कामाला जाते हे बरा दिसत नाय.”

“मयत कुठं हाय?” मैमुना म्हणाली. “दाखव मना. मयत नाय तर इद्दत कसली? मी बसले की तो मेला. नाय बसणार मी.”

मुनीराने पातेलं ओट्यावर नेऊन ठेवलं. हनिया आतून आली आणि आईच्या हाताला धरून म्हणाली, “अम्मी, प्लीज ईट समथिंग.” मैमुना जेवली नाही.

त्या शनिवारी रेहानचा फोन आला. दोन्ही बाजूंची गावं झाली, इस्पितळं झाली, पोलीसठाणी झाली. कुणी नाही. आता एकच जागा उरली होती. खाली वादीच्या वळणावर पाणी साचून राहिलं होतं आणि त्याच्या तळाशी गाळ. “पाणी ओसरला की मशीन लावतील भाभी. आठवडाभर पाऊस नाय पडला पायजे,” रेहान म्हणाला. “दुआ करा.”

मैमुनाने फोन ठेवला. कोरडा आठवडा काय घेऊन येणार, हे तिला आत्ता कळलं. संध्याकाळी नमाजाला ती जानमाजवर, आपल्या चटईवर, बसली तेव्हा तिने पाऊस मागितला. त्या वळणावर पाणी राहू दे, गाळ झाकलेला राहू दे, कुणाला काही सापडू नये. आपण काय मागतोय हे कळून ती स्वतःलाच घाबरली, तरी मागतच राहिली.

रविवारी पत्रक आलं. किनाऱ्यावर वारा, वाळवंटात धूळ. डोंगराळ भाग: आठवडाभर निरभ्र, कोरडा. तिने बोलायला सुरुवात केली. किनारा झाला, वाळवंट झालं, आणि पुढे आवाजच फुटेना. पुन्हा पहिल्यापासून केलं, तेच झालं. शेवटी डोंगराशिवायच पाठवलं. ड्रायव्हर मंडळी एरवी बारीकसारीक चुका काढून तिला छळायची. त्या दिवशी डोंगराचं कुणीच विचारलं नाही. एका म्हाताऱ्या पठाणाने नुसतं आभाराचं ‘शुक्रन बाजी’ लिहिलं. ते वाचून ती ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडली.

पत्रक खोटं ठरावं म्हणून ती रोज मोबाईलवर डोंगराचं आभाळ बघत होती. ढग येईना. अंदाज एकदा चुकला तेव्हा तिचं घर घेऊन गेला. आता चुकायला तयार नव्हता. सुट्टीच्या शुक्रवारी दुपारी रेहानचं नाव फोनवर दिसलं तेव्हा ती हनियासाठी पोळी भाजत होती. तिने तवा उतरवला, गॅस बंद केला आणि मगच फोन घेतला. पलीकडे मशीनची घरघर नव्हती. रेहान “भाभी” म्हणाला आणि थांबला.

त्याला पुढे बोलू न देता ती घाईघाईने म्हणाली, “रेहान, पाऊस लागलाय ना तिकडं? काम थांबला असेल ना आज?”

“नाय भाभी,” तो म्हणाला. “लख्ख ऊन पडलाय.” आणि तो हमसाहमशी रडायला लागला.