एक ताव बाकी

दारूच्या थेंबाला कधी न शिवलेला आणि तरीही बाटल्या उघडण्यापायी जीव टाकणारा माणूस आमच्या काकांशिवाय अख्ख्या परतूर तालुक्यात सापडायचा नाही. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. त्यांचं बी-बियाणांचं दुकान आहे, पण दुकानात त्यांना बसलेलं कुणी पाहिलेलं नाही; ते उभे असतात, तेही या पायावरून त्या पायावर. पहिली भाकरी ताटावर खातात आणि दुसरी हातात घेऊन अंगणात फिरतात. एकदा त्यांनी फोनवर कुणा परदेशी माणसाला लोखंड ठोकून नक्षीदार ओपनर बनवताना पाहिलं आणि त्याच आठवड्यात मागच्या रिकाम्या गोठ्यात भट्टी पेटली. ट्रकच्या ब्रेकचा जुना ड्रम ही भट्टी, भंगारातला रुळाचा तुकडा ही ऐरण आणि भाता म्हणून माझा हेअर ड्रायर. मी ड्रायर शोधत गोठ्याच्या दारात आले. काका म्हणाले, "तुझे केस काय, उन्हात बी वाळतेत."

आष्टीच्या बाजारातून ते ट्रॉलीच्या स्प्रिंगचे मोडके पाटे उचलून आणत आणि त्यातून मोर, नाग, कापसाचं बोंड अशा मुठींचे ओपनर काढत. शेजारचे लोक येऊन म्हणायचे, "त्यापरीस एखादं खुरपं करून द्या की!" काकांचं उत्तर ठरलेलं. "खुरप्याची तुम्हाला घाई राहते. याची कोणालाच घाई न्हाई, म्हणून तर करून राह्यलो." मग ओपनर चालतो की नाही ते बघायला पत्र्याच्या बुचाच्या बाटल्या लागत. बसस्टँडजवळच्या सोडावाल्याकडून त्या येत, आणि उघडलेला सोडा वाया घालवायचा नाही म्हणून काकाच पीत. काकू मला म्हणाली, "लोक इचारतेत, तुमचे मालक पितेत का? म्या म्हणते, पितेत की! सोडा. अन् रातभर मला ढेकरा ऐकवतेत."

पण ओपनर पूर्ण झाला असं काकांना कधी वाटायचंच नाही. लोखंड एकदा तापवून ठोकलं की तो एक ताव. काका वस्तू उलटीपालटी करत आणि म्हणत, "एक ताव बाकी हाय." त्या एका तावापायी मोराचा पिसारा जाई, दुसऱ्यात मान जाई आणि शेवटी मोराचा कावळा होऊन भंगारात पडे. मी नोकरीसाठी पुण्याला निघाले तेव्हा माझ्यासाठी केलेलं बोंड काकूनं त्यांच्या हातातून ओढून माझ्या पिशवीत टाकलं, म्हणून वाचलं. काका फाटकापर्यंत मागे आले. "दिवाळीला परत आण. एक ताव बाकी हाय."

मी दर दिवाळीला ते घेऊन जाते. माझ्या खोलीत बुचाची एकही बाटली नाही, पण ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मी तशी कमीच बोलते. इंग्रजी शाळेनं मला दोन भाषांत गप्प बसायला शिकवलं. काका ठोकत आणि मी गोठ्याच्या कोपऱ्यातून बघे. "लोखंड पिकल्या मोसंबीवर आलं की काढायचं," असं ते म्हणत. मला तर ते लोखंड नेहमी शेंदरी दिसायचं. वाटायचं, असेल काकांची मोसंबी तशी.

या दिवाळीला गेले तर काका खुर्चीत बसले होते. बसलेले! पाय जमिनीवर, दोन्ही शांत. मी बोंड पुढे केलं. त्यांनी एकदा फिरवून परत दिलं.

"बराबर हाय. राहू दे आता."

मला तिथे उभं राहवेना. स्वयंपाकघरात काकूनं हळू आवाजात सांगितलं, "मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं नं! डॉक्टर हो म्हणल्यावर एकदा पेटवली भट्टी. मोर पार जळून गेला, ठिणग्याच ठिणग्या. मंग पुन्हा तिकडं गेलेच न्हाईत."

बाहेरून काकांनी ऐकलं होतं. "अगं, डोळा साफ झाला अन् रंग बदलून गेले," ते म्हणाले. "मोसंबीची वाट पाहत बसलो, तर लोखंडच पेटलं. आता कवा काढायचं, तेच कळंना."

म्हणजे इतकी वर्षं त्यांची मोसंबी मोतीबिंदूच्या पिवळ्या पडद्याआडून पिकत होती.

"वाकडं आहे," मी बाहेर येऊन म्हणाले.

"काय?"

"बोंड. देठाशी वाकडं आहे. तुम्ही ठोका, रंग मी सांगते."

काकांनी बोंड माझ्या हातून घेतलं, उजेडात धरलं. मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. "ड्रायर कुठं ठिवला गं?" ते काकूवर ओरडले. "जल्दी!"

कोळसे फुलले. काका या पायावरून त्या पायावर.

"लाल," मी म्हणाले. "अजून लालच."

"मोठ्यानं बोल माय, ड्रायर चालू हाय!"

"लाल!" मी ओरडले. शेजारची बाई भिंतीवरून डोकावली. "थांबा... शेंदरी! काढा, काका, काढा!"

हातोडा पडला आणि पडतच राहिला. गार झाल्यावर काकांनी बोंड नव्या डोळ्यांसमोर कितीतरी वेळ धरलं.

"एक ताव बाकी हाय," ते म्हणाले, आणि मी ते गुपचूप पिशवीत टाकलं. दर तावाला लोखंड थोडं झडतं. पहिल्या वर्षी हे बोंड पुरतं उमललेलं होतं. आता मिटलेल्या कळीएवढं उरलंय. पुढच्या दिवाळीलाही मी ते वाकडंच म्हणणार आहे.