मोरेश्वर भाऊजींचा स्कॉटिश वंशवृक्ष

मोरेश्वर भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्याबद्दल लिहायचं तर आधी चार चांगले शब्द लिही, असं सुवर्णाताईने मला बजावलं आहे. तेव्हा ते उरकून घेते. भाऊजी दारू पीत नाहीत, गाडी पासष्टच्या वर नेत नाहीत आणि डिशवॉशर स्वतः भरतात, कारण दुसऱ्या कुणाला तो नीट भरता येत नाही. संपलं.

ओहायोतल्या आमच्या डब्लिनमध्ये एका विमा कंपनीचे डेटाबेस त्यांनी सत्तावीस वर्षं सांभाळले. या सत्तावीस वर्षांत आपण एकदाही चुकलो नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे. रिटायर झाल्यावर सांभाळायला डेटाबेस उरला नाही, म्हणून ते माणसांकडे वळले.

त्यांची मुलगी इला हिने ग्रँटशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा भाऊजींनी जेवण सोडलं होतं. चिवडा चालू होता. ग्रँट शाळेत विज्ञान शिकवतो, स्वभावाने गरीब, ताईच्या हातचं वरण वाटी तोंडाला लावून पितो. पण "ना कूळ, ना मूळ, कोण आहेत कोण हे लोक?" हे भाऊजींचं पालुपद. इलाने परवानगी मागितलीच नव्हती. ती कोर्टात सही करून मोकळी झाली, आणि हे दोन वर्षं जावयाशी हवामानापलीकडे बोलले नाहीत.

मग एका थँक्सगिव्हिंगला ग्रँट सहज म्हणाला की त्याच्या आईची आई, जीन, स्कॉटलंडची आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींचा मला फोन. "अगं पद्मिनी, स्कॉटिश लोकांत क्लॅन असतात. क्लॅन म्हणजे कूळच की! आपला जावई चांगल्या घरातला निघणार बघ." जावई तोच, त्याचा पगार तोच, वरण पिण्याची पद्धतही तीच. पण आदल्या दिवशीचं कार्टं रातोरात बाब्या झालं होतं.

त्या दिवसापासून भाऊजींनी तळघरात दोन मॉनिटर मांडले, वंशावळींच्या एका वेबसाइटची वर्गणी भरली आणि खोदकाम सुरू केलं. ग्रँटच्या वडिलांकडची फांदी तीन पिढ्यांत पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणीत उतरली. ती त्यांनी न बोलता छाटली. जीनच्या वडिलांकडची फांदी मात्र वर चढायला लागली. वडिलांचं नाव जेम्स मरे बेन. "म्हणजे जेम्स हा मरे बेनचा मुलगा," भाऊजी म्हणाले. मी मान डोलावली. मधलं नाव बापाचं, यात विचारण्यासारखं काय आहे? भाऊजी स्वतः मोरेश्वर त्र्यंबक, मी लग्नाआधी पद्मिनी दत्तात्रेय. तेव्हा या चुकीत मीही थोडी सामील आहे. पण मी तिथेच थांबले. भाऊजी थोडेच थांबतात! त्यांनी स्कॉटलंडच्या पर्थशायर भागातला एक मरे बेन शोधून काढला, त्याची चारशे एकर जमीन शोधली आणि दगडी हवेलीचा फोटोही शोधला. इलाला दिवस गेले होते; ताईने फ्रिजवर लावलेलं त्या बाळाचं सोनोग्राफीचं चित्र काढून तिथे त्यांनी ती हवेली लावली.

वंशवृक्षात त्यांनी फक्त पुरुष घेतले. का, म्हणून मी विचारलं. "आपल्या घराण्याची वंशावळ बघ, चौदा पिढ्या आहेत, एक बाई नाही." मी म्हटलं, "मग चौदा पिढ्या झाल्या कशा?" त्यावर ते ताईला म्हणाले की तुझ्या बहिणीला कशाचं गांभीर्य नाही. जीनला मात्र वगळता येईना, कारण ग्रँटपासून जेम्सपर्यंत जायला तिच्यावरूनच जावं लागतं. तिच्या जागी त्यांनी एक तुटक रेघ काढली.

ती तुटक रेघ एकोणनव्वद वर्षांची होती आणि नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात राहायची. मी तिथे फिजिओथेरपिस्ट आहे. आठवड्यातून दोनदा मी जीनचे गुडघे हलवते आणि ती मला डंडी शहरातल्या ज्यूट गिरणीजवळचं तिचं घर सांगते. एका खोलीत दोघी बहिणी, एकाच पलंगावर. जीन लग्न करून १९५७ साली इथे आली. धाकटी एल्स्पेथ चार वर्षांनी न्यूझीलंडला गेली. दर महिन्याला पत्रं यायची-जायची. मग १९७४ साली डंडीत आई आजारी पडली, आणि तिच्याजवळ जायचं कुणी, यावर दोघींचं फोनवर कडाक्याचं भांडण झालं. आई तशीच, एकटी गेली. पत्रं थांबली. काही वर्षांनी जीनने लिहिलं तेव्हा एल्स्पेथचा पत्ता बदलला होता.

भाऊजी हवेलीचा फोटो घेऊन तिला भेटायला गेले तेव्हा मी तिथेच होते. जीनने चष्मा लावून फोटो पाहिला आणि परत दिला. "मेलेल्या पुरुषांचं मला काही नको," ती म्हणाली. "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना? माझी एल्स्पेथ शोधून दे. मला तिचा आवाज एकदा ऐकायचाय. बाकी काही नाही."

"शुअर, शुअर," भाऊजी म्हणाले.

इलाने पासवर्ड मागितला, मी शोधते म्हणाली. पोटुशी होती, घरीच होती, वेळ होता. "दोन जणांनी डेटाला हात लावला की डेटा बिघडतो," असं म्हणून भाऊजींनी तिला वाटेला लावलं.

एप्रिलमध्ये इलाच्या मुलीचं, केयाचं, बारसं झालं. कम्युनिटी सेंटरचा हॉल, मंडळातली चाळीस माणसं, श्रीखंडाचे डबे. पाळण्यामागच्या भिंतीवर आठ फूट लांबीचा छापील वंशवृक्ष, त्याला लाल-हिरव्या स्कॉटिश चौकड्यांची किनार. येणाऱ्या प्रत्येकाला भाऊजी आधी तिकडे नेत, मग बाळाकडे. "लँडेड जेंट्री, यू नो. आपल्याकडे वतनदार म्हणतात तसे." पाळण्यातल्या केयाचं नाव त्या कागदावर नव्हतंच. ती मुलगी ना!

ग्रँटने जीनची व्हीलचेअर कागदासमोर आणली. तिने बराच वेळ वाचलं.

"हा मरे बेन कोण?"

"तुमचे आजोबा," भाऊजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

जीन हसायला लागली, खोकला येईपर्यंत हसली. "मरे हे माझ्या आजीचं माहेरचं आडनाव. आमच्यात मधलं नाव बरेचदा आईच्या माहेरचं ठेवतात. माझ्या आजोबांचं नाव ॲलेक. गोदीत हमाल होते, आणि शनिवारी त्यांना घरी उचलून आणावं लागायचं."

हॉलमध्ये कुणी हसलं, कुणी श्रीखंडाकडे वळलं. मला आनंद झाला हे कबूल करते. इतक्या वर्षांत भाऊजींना तोंडघशी पडताना पाहायला मिळत होतं, आणि तेही फुकट. पण जीन पुढे बोलत होती. "माझी आई मॅकेन्झींची. म्हणून धाकटीचं नाव एल्स्पेथ मॅकेन्झी बेन."

मी भाऊजींकडे पाहिलं. हसं झालेल्या माणसाचा चेहरा लाल होतो. त्यांचा पांढरा पडला होता.

त्यांना मी मागच्या स्वयंपाकघरात नेलं. "काय केलंत?"

"पद्मिनी, ऐक. लॉजिकली बघितलं तर..."

"भाऊजी, फोन द्या इकडे."

वेबसाइटवर सात आठवड्यांपूर्वीचा एक निरोप होता, न्यूझीलंडहून, एका बाईचा. 'तुमच्या वंशवृक्षातल्या जेम्स बेनची मुलगी जीन ही माझ्या आईची बहीण असावी. आईचं नाव एल्स्पेथ मॅकेन्झी बेन, वडील जेम्स, डंडीच्या गोदीत कामाला. आई फार आजारी आहे. जीनमावशी असेल तर कृपया लवकर कळवा.'

"मला वाटलं, मधलं नाव मॅकेन्झी, म्हणजे बाप मॅकेन्झी बेन. जेम्सची मुलगी असूच शकत नाही," भाऊजी म्हणाले. "शिवाय गोदीत काम करणारा आपल्या फॅमिलीत कसा बसेल?"

आपल्या फॅमिलीत! दुसऱ्याचे बापजादे स्वतःच्या खिशात घालणाऱ्या या माणसाने जिवंत बहिणीला दारातून परत पाठवलं होतं. एका म्हाताऱ्या बाईला साधा एक प्रश्न विचारला असता तर भागलं असतं. पण यांना विचारणं माहीतच नाही. त्या क्षणी मला त्यांची किळस आली, आणि ती मी गिळलेली नाही.

मी तिथल्या तिथे त्या बाईला लिहिलं. उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. एल्स्पेथ अकरा दिवसांपूर्वी गेली होती.

"तू सांगशील का जीनला?" भाऊजींनी मला विचारलं. "तुझं आणि तिचं चांगलं जमतं."

"नाही," मी म्हटलं. "तुम्हीच सांगायचं. मी शेजारी उभी राहते."

त्यांनी सुरुवात "ॲक्च्युअली, थोडा डेटाचा इश्यू झाला" अशी केली. मग माझ्याकडे बघून सगळं सांगितलं. जीन खिडकीपाशी बसली होती. ती रडली नाही. तिने विचारलं, "तू तिला काय उत्तर पाठवलं होतंस? जसंच्या तसं वाच."

भाऊजींनी फोन काढला. "'आमच्या रेकॉर्डप्रमाणे तुमची आई या कुटुंबातली नाही. कृपया पुन्हा संपर्क करू नये. जीन आणि परिवारातर्फे.'"

"माझं नाव घातलंस?"

"अकाउंट तुमच्या फॅमिलीच्या नावाने होतं. ते फॉरमॅटच तसं..."

जीनने हात वर करून त्यांना थांबवलं. मग तिने मला विचारलं, "हे एल्स्पेथला कळलं?"

तिच्या मुलीच्या पत्रात ते होतं. मला वाचायचं नव्हतं, पण खोटं बोलायची ही जागा नव्हती. मी वाचलं. 'तुमचं उत्तर मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, जीनचं बरोबर आहे. आईजवळ मी जायला हवं होतं.'



"ती कुठून येणार होती?" जीन म्हणाली. "ती जगाच्या त्या टोकाला, दोन तान्ही मुलं पदरात. जवळ मी होते."

भाऊजी सॉरी म्हणाले. पुन्हा म्हणाले. जीनने त्यांच्याकडे पाहिलं नाही. "त्याला बाहेर जायला सांग," ती मला म्हणाली.

मी दार उघडून धरलं.