घरच्या शाळेची हजेरी

"माह्या नावाचा कागद आणा, मंग घेईन."

ओले हात लुगड्याला पुसायचे, नोटीस घ्यायची, वरची ओळ बोटाखाली धरून वाचायची आणि कागद मला परत द्यायचा, ही शेवंताच्या मायची पद्धत. वरच्या ओळीत तिच्या नवऱ्याचं नाव असे, कारण आमच्या छापील नोटिशीत फक्त बापाच्या नावाला जागा होती. "पोरीले मी शिकवून राह्यली, अन् गुन्हा याच्या नावावर?" ती विचारी. नवरा मागे मोटेवर बैल हाकत असे. तो नोटीस घ्यायलाही येत नसे आणि बायकोला आवरायलाही.

महाराष्ट्र नवा होता, पंचायत समित्या नव्या होत्या आणि मीही नोकरीत नवा होतो. शाळेत न येणाऱ्या मुलांची यादी घेऊन सायकलनं गावोगाव फिरायचं, आईबापांना समजवायचं, ऐकलं नाही तर नोटीस द्यायची, हे माझं काम. सोनाळ्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी हिचं गाव होतं. वांगी, मिरची आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावणारं कुटुंब. गावात तिला कुणी नावानं हाक मारत नसे. ती शेवंताची माय.

शेवंता दुसरीत असताना तिला शाळेतून काढलं होतं. पोरगी डावखुरी. गुरुजींनी आधी डाव्या हातावर छड्या मारल्या, मग तो हात दोरीनं कमरेला बांधून ठेवायला सुरुवात केली. गुरुजी काही दुष्ट नव्हते. त्यांना वाटे, पोरीला वळण लावतोय. पण शेवंता लिहायचीच थांबली, मग हळूहळू बोलायचीही. एक दिवस माय वांग्यांची पाटी डोक्यावर घेऊन शाळेवरून चालली होती. तिनं दारातून तो बांधलेला हात पाहिला. पाटी खाली ठेवली, वर्गात गेली, दोरी सोडली आणि पोरीला घेऊन निघाली. गुरुजी म्हणाले, परत आणू नका. ती म्हणाली, नाही आणत.

स्वतः मलकापूरला चौथी शिकलेली. तिचे वडील तिथल्या कापसाच्या जिनात हमाल होते आणि शाळा जिनाच्या भिंतीला लागूनच होती. तेवढ्या शिदोरीवर ती पोरीला शिकवत होती. मी गेलो तेव्हा पाटाच्या ओल्या मातीत काडीनं जोडाक्षरं काढून झाली होती, आणि शेवंता मिरचीच्या रोपांच्या ओळी मोजत बाराचा पाढा म्हणत होती. चुकली की माय रागावत नसे. पुन्हा पहिल्या रोपाशी नेई. मी वाफ्याच्या कडेला बसून अख्खा पाढा ऐकला. मग पिशवीतून नोटीस काढली. पगार त्याचाच होता.

तिच्याशी मी पुष्कळ वाद घातला. कायदा सगळ्यांना सारखा, हे सांगितलं. तिचं पाहून गावातले आणखी दोघं म्हणायला लागले होते, की आम्हीही घरीच शिकवतो. आणि त्यांच्या पोरी दिवसभर निंदणाला जात. हे मी तिच्या तोंडावर टाकलं. मला वाटलं, आता ती गप्प बसेल.

"त्याहिच्या घरी जाऊन पाहा ना," ती म्हणाली. "पोरगी शिकते का निंदते, हे पाहाचा तर पगार आहे तुमाले. इथं पाह्यलं, तिथं बी पाहा. कागद मंग फाडा."

दुसऱ्या दिवशी मी त्या दोन्ही घरी गेलो. एकीला 'क' येत नव्हता. त्या दोघी पुढच्या आठवड्यात शाळेत बसल्या, आणि त्यांच्या बापांनी शेवंताच्या मायचं नाव घेऊन मला शिव्या घातल्या.

तिसऱ्या नोटिशीच्या वेळी मी तिला तिचं नाव विचारलं. बापाच्या नावाची ओळ खोडली आणि वर तिचं लिहिलं. कचेरीतला कारकून म्हणाला, असा नमुना नाही. मी म्हटलं, आता आहे. नोकरीतलं ते माझं पहिलं धाडस. ते माझं नव्हतं, तिच्याकडून लागलेलं होतं. तिनं तो कागद शेवटपर्यंत वाचला, पोचपावतीवर सही केली आणि विचारलं, "कधी या लागते?"

तालुक्याच्या कचेरीत माझ्या साहेबांच्या टेबलासमोर ती उभी राहिली, बाजूला शेवंता. साहेब समजूतदार होते, पण घाईत होते. ते म्हणाले, मुलीला शाळेत घाला, नाहीतर प्रकरण मॅजिस्ट्रेटकडे जाईल, दंड होईल. ती म्हणाली, आधी पोरीची परीक्षा घ्या. नापास झाली तर दंड करा. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरची दौत आणि टाक पुढे सरकवला.

साहेब मजकूर सांगू लागले. शेवंतानं डाव्या हातात टाक धरला आणि ते थांबले.

"उजव्या हातानं लिही, बाळ."

पोरीनं टाक खाली ठेवला. दोन्ही हात पाठीमागे नेले. तो बांधलेला हात मी कधी पाहिला नव्हता, तिथे पाहिला.

माय टेबलाजवळ सरकली. आवाज चढवला नाही. "साहेब, अक्षर पाहा. हात काऊन पाहून राह्यले?"

साहेबांनी स्वतः टाक उचलून शेवंताच्या डाव्या हातात दिला आणि मजकूर पहिल्यापासून सांगितला. पानभर मजकुरात दोन चुका निघाल्या. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, की हा दर तीन महिन्यांनी येऊन तपासणी करील; प्रगती दिसली तर शाळेची सक्ती नाही.

"येऊ द्या," ती म्हणाली. "पाहाले ना नाही. पण माही घेता तशी गुरुजीची बी परीक्षा घेत जा. दर तीन महिन्यानं."

साहेब हसले नाहीत. त्यांनी काही केलंही नाही. गुरुजी त्याच शाळेतून निवृत्त झाले. मी मात्र दोन वर्षं नेमानं गेलो. माझ्यासमोर वांग्याची भाजी ठेवण्याआधी ती पोरीची वही ठेवी. शेवंता चौथीच्या परीक्षेला बाहेरून बसली आणि पास झाली.

पुढे माझी बदली मेहकरकडे झाली. जानेफळला असताना बाजारात त्या भागातला एक माणूस भेटला आणि शेवंताची माय तापानं गेल्याचं त्यानं सांगितलं. जाऊन वर्ष झालं होतं. तुमच्याही आयुष्यात असं एखादं माणूस असेल, ज्याला आपण समजवायला गेलो आणि शिकून आलो. मी त्या दिवशी बाजार न करताच परतलो.

तिची आठवण आली की मला शेवंता पाचवीला गेली ते दिवस दिसतात. पाचवीची शाळा दोन कोसांवर. मायनंच नाव घातलं. तिचं शाळेशी वैर नव्हतंच. पण पहिले आठ दिवस ती पाचवीच्या खिडकीसमोर, कुंपणाबाहेर, वांग्यांची पाटी शेजारी ठेवून बसली. पोरीच्या हाताकडे बघत. शिपाई उठवायला गेला तर म्हणाली, "कुंपणाच्या आत तुमची हद्द. सडक सरकारची, म्हंजे माही बी."

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे तक्रार केली. मी सांगितलं, सडकेवर बसायला कायद्याची बंदी नाही; आणि नवव्या दिवशी तपासायला गेलो. ती आलेली नव्हती. वर्गात शेवंता मान खाली घालून डाव्या हातानं लिहीत होती, आणि मुख्याध्यापक शिकवता शिकवता पुन्हा पुन्हा खिडकीबाहेर बघत होते.